पाणी उठलंय, आज येऊ नका

वाचकांचे प्रश्न
(या अंकातले प्रश्न समुद्रावर गळ टाकायला जाणाऱ्या घाटावरच्या वाचकांचे आहेत. उत्तरं विट्याच्या एका निवृत्त एसटी चालकांनी दिली आहेत. नोकरीतल्या मुक्कामी गाड्यांमुळे कोकण किनाऱ्याशी जुळलेलं त्यांचं नातं आजही टिकून आहे.)

प्रश्न : काका, मी भिलवडीचा. वय २७. लहानपणापासून कृष्णेत गळ टाकतोय. वांब, मरळ, कटला सगळं काढलंय. दोन वर्षांपासून समुद्राचा नाद लागलाय. महिन्यातून एखाद्या रविवारी मित्रांबरोबर कुंभार्ली घाट उतरून गुहागरकडं जातो. समुद्रावर गळ टाकणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे, रात्री जेवण झालं की तासभर तिथंच जातो. वडील म्हणतात, 'मासं पाण्यात असत्यात, मोबाइलात न्हाईत.' मलाही कधी वाटतं, दुसऱ्यांच्या माशांचे फोटो बघून मला काय मिळतं? ग्रुप सोडू का?

उत्तर : सोडू नका. वडिलांचं म्हणणं निम्मं खरं आहे, त्या निम्म्याबद्दल पुढं बोलतो.

आधी त्यांना एवढंच विचारा, २०१९ च्या ऑगस्टात, महापुराच्या वेळी, तुमच्या घरात रात्रभर कोण जागं होतं आणि कशासाठी? मी विट्यात, उंचावर. पण बहीण सांगलीत, गावभागात. दर तासाला फोन चालायचे. कोयना धरणातून किती पाणी सोडलं, कराडला संगमावर काय दिसतंय, सांगलीच्या आयर्विन पुलाखाली किती फूट झालं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतलं पोरगंही सांगतं. त्या साली पाणी ५७ फुटांवर गेलं. बहिणीनं धान्याची पोती माळ्यावर चढवली ती पुलावरचा आकडा ऐकून नाही. कराडजवळ राहणाऱ्या नणंदेचा फोन आला, 'वहिनी, आमच्या दारात पाणी आलंय, तुम्ही आवरायला घ्या.' वरच्या गावानं खालच्या गावाला सांगायचं, ही आपल्या नदीकाठची जुनी रीत आहे. तुमचे वडीलही असाच कुणाचा तरी फोन धरून बसले असतील.

समुद्राला वरचं गाव नसतं. लाट कुठून निघाली हे किनाऱ्यावर उभं राहून कळत नाही. खाली दक्षिणेला, हिंदी महासागरात हजारो किलोमीटरवर वादळ होतं आणि तिथून निघालेली लांब लाट काही दिवसांनी आपल्या खडकावर येऊन फुटते. त्या दिवशी गुहागरला माडाची झावळीही हललेली नसते. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था अशा उंच लाटांचे इशारे देते. घरातून निघण्याआधी मी ते बघतो, तुम्हीही बघत जा. पण तो इशारा लांबलचक किनारपट्टीसाठी असतो. आपण ज्या दगडावर उभं राहणार, त्या दगडावर आत्ता पाणी कुठवर चढतंय हे तिथं राहणारा माणूसच सांगेल. विट्यात नाहीतर भिलवडीत बसून तो माणूस तुम्हाला कुठं भेटणार होता? ग्रुपवर भेटतो.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, दिवाळीनंतरचा रविवार. आम्ही तिघं पहाटे तीनला विट्यातून निघालो. हा आपला गुहागर-विजापूर रस्ता, घरापासून समुद्रापर्यंत १८० किलोमीटरच्या आसपास. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा उजाडत होतं. फोन वाजला. हेदवीच्या बाजूचा एक पोरगा, आमच्या ग्रुपवरचा, मी त्याला तोवर प्रत्यक्ष बघितलंही नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, 'काका, पाणी उठलंय. आज खडकावर येऊ नका.' आभाळ स्वच्छ, वारा नाही. जोडीदार म्हणाला, निम्म्याच्या पुढं आलोय, निदान बघून तरी येऊ. मलाही ते पटलं.

गेलो. वर सड्यावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उंच कातळावर, उभं राहून आमची नेहमीची जागा बघत होतो. खाली सपाट पायरीसारखा खडक आहे, त्यावर आम्ही डबे ठेवतो, बसतो, गळाला चारा लावतो. कोरडा ठणठणीत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. लाटा येत होत्या त्या खालच्या खालीच फुटत होत्या. जोडीदार म्हणाला, पोरगं उगाच घाबरलंय. त्यानं रॉड खांद्यावर घेतला आणि उतरायला पाऊल टाकलं. मी त्याची पिशवी धरली, म्हटलं, अजून पाच मिनिटं थांब. तेवढ्यात तीन लाटा आल्या, एकामागून एक. पहिलीनं पायरीची कड भिजवली. दुसरी पायरीवरून आडवी गेली. तिसरी आली तेव्हा पायरी दिसेनाशीच झाली आणि पाणी मागं ओढून घेताना दगडातून असा आवाज आला, जसा ट्रकातून खडी उतरवताना येतो. मग पुन्हा सगळं शांत. पायरी ओली, उन्हात चकाकत होती. कुणी काही बोललं नाही.

तुम्ही हेदवीची बामणघळ बघितली असेल. खडकातली अरुंद चीर, भरतीला पाणी तिच्यात घुसलं की वर उसळतं. लोक ते बघायला जातात, तिथं पाण्याचा जोर डोळ्यांना दिसतो. उघड्या खडकावर तेवढाच जोर असतो, फक्त तो वर न उसळता आडवा येतो आणि पायातून माणूस काढून नेतो. त्या रविवारपासून त्या पोराच्या एका ओळीवर मी गाडी फिरवतो. डिझेलचा हिशेब करत नाही.

आता वडिलांचं निम्मं. मी समुद्रावर गरवायला शिकलो ते मुक्कामाच्या गाडीमुळं. रात्री आठ-साडेआठला गाडी लावायची, पहाटे सहाला परत. धक्क्यावर एक आजोबा बसायचे. रॉड नाही, रील नाही. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला शिसं आणि गळ. चारा म्हणून कोळंबी. त्यांनी तंगूस माझ्या पहिल्या बोटावर ठेवला आणि म्हणाले, आता बोलू नको, बोटाकडं लक्ष दे. खेकडा चारा कुरतडतो तेव्हा बोटाला बारीक खरखर लागते. तांबोशी आली की एकच हिसका, आणि ती लगेच दगडाच्या कपारीकडं पळते. शेंगाळा जड ओढतो, सावकाश. हे मला कुठल्याही ग्रुपवर कुणी शिकवू शकलं नसतं, कारण ते बोटाला कळायचं असतं. त्यासाठी वडील म्हणतात तसं पाण्यावरच जावं लागतं.

पण आजोबांकडून जे शिकायला मला कितीतरी मुक्काम लागले त्यातलं बरंच आज पोरं एका हंगामात शिकतात, हेही मी डोळ्यांनी बघतोय. गेल्या वर्षी ग्रुपवर तासगावकडच्या एकानं फोटो टाकला : गोलसर मासा, पोट फुगलेलं, दात पोपटाच्या चोचीसारखे. 'कसा करायचा, रस्सा का फ्राय?' दोन मिनिटांत कोकणातल्या चौघांनी लिहिलं, हा केंड आहे, खायचा नाही. केंडाचं विष शिजवून जात नाही. नदीचा मासा खात वाढलेल्या आपल्या माणसाला हे कुठून माहीत असणार? आपल्याकडं मासा म्हणजे मासा, फार तर काटा जास्त. त्या घरात त्या दिवशी तो शिजला नाही, एवढ्यासाठी मी तो ग्रुप आयुष्यभर सांभाळेन.

तर फोटो बघण्यापलीकडं काय मिळतं, हा तुमचा प्रश्न. तुम्ही काय देता यावर ते आहे. नुसते मोठे मासे टाकणारे ग्रुप मी सोडले. नव्या पोराला वाटतं, रोजच मासा लागतो, मलाच लागत नाही; मग तो आणखी पुढच्या, आणखी धोक्याच्या दगडावर जातो. तुम्ही रिकामे परत आलात की ते लिहा. तिथी कोणती, भरती किती वाजता, पाणी गढूळ का स्वच्छ, चारा कोणता, किती तास बसलो, काही लागलं नाही. अशा चाळीस-पन्नास नोंदी जमल्या की त्या जागेचा स्वभाव कळायला लागतो. माझ्या वहीत रिकाम्या हाताच्या नोंदी जास्त आहेत आणि मी सगळ्यात जास्त त्याच उघडतो.

एक गोष्ट मात्र लिहू नका : नेमका दगड. हंगाम सांगा, चारा सांगा, भरतीची वेळ सांगा. पण ज्या खडकावर गावातल्या बायका ओहोटीला कालवं काढतात, जिथं एखादा म्हातारा संध्याकाळच्या कालवणापुरतं गरवतो, तिथं आपल्या वीस गाड्या नेऊन उभ्या करायच्या नाहीत. तिथल्याच कुणी स्वतःहून नेलं तर जा. आणि तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. एका बगळ्याच्या पायात तो गुंडाळलेला मी बघितलाय. पायावर काळा वळ पडला होता, बोटं मिटत नव्हती आणि तो जवळही येऊ देत नव्हता.

प्रश्न : कृष्णेचं पाणी एका दिशेला जातं, समुद्राचं कळतच नाही. मोबाइलला रेंज नसेल तर भरतीची वेळ कशी काढायची? (इस्लामपूर)

उत्तर : भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. दिवसात भरती दोनदा येते, म्हणजे अष्टमीला पहाटे सहाच्या सुमारास आणि संध्याकाळीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण. रोज ही वेळ पाऊण तासाच्या वर पुढं सरकते. कोकणातले जुने लोक याच हिशेबावर चालतात. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून तिथल्या माणसाला विचारून आपला फरक वहीत लिहून ठेवा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हालचाल कमी. नव्या माणसानं सुरुवात भांगाच्या दिवसांत करावी असं माझं मत आहे. मासा कमी लागेल, पण पाण्याशी ओळख निवांत होईल. आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर चालत पुढं गेलात तर परतीची वाट भरतीत बुडते का, हे आधी बघा. समोरच्या पाण्यात गुंतलेल्या माणसाला मागून भरणारं पाणी दिसत नाही.

प्रश्न : माझा मुलगा रात्री-अपरात्री मित्रांबरोबर समुद्रावर मासे धरायला जातो. ऐकत नाही. जीव टांगणीला लागतो. काय करू? (एक आई, कवठेमहांकाळ)

उत्तर : ताई, माझी आईही मी मुक्कामावरून येईपर्यंत जेवायची नाही. तुमची काळजी खोटी नाही, ती कमी करायला सांगत नाही. 'जाऊ नको' म्हणण्याऐवजी त्याच्याकडून तीन गोष्टी कबूल करून घ्या. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, गाडीत ठेवायचं नाही. खडकावर एकट्यानं उतरायचं नाही. आणि कुठं जातोय, किती वाजता गाडीशी परत येणार, हे घरात आणि तिथल्या एका ओळखीच्या माणसाला सांगून जायचं. त्या माणसाचा नंबर तुमच्याकडं असू द्या. माझ्या बायकोकडं हेदवीच्या त्या पोराच्या आईचा नंबर आहे. दोघी कधी भेटल्या नाहीत, पण आंब्याच्या दिवसांत आणि हळदीच्या दिवसांत एकमेकींना पार्सल जातं.

विजा चमकत असताना रॉड हातात धरायचा नाही हेही सांगा. हल्लीच्या कार्बनच्या रॉडमधून वीज जाते.

प्रश्न : शेंगाळा गळातून सोडवताना काटा हातात घुसला, रात्रभर ठणका होता. ग्रुपवर कुणी हळद सांगितली, कुणी बर्फ. खरं काय? (आटपाडी)

उत्तर : गरम पाणी. शेंगाळ्याच्या आणि पाकटाच्या (चपट्या अंगाचा, शेपटीत काटा असलेला मासा) काट्यात विष असतं आणि ते उष्णतेनं निकामी होतं. दुखरा हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हातानं तपासायचं, कारण ठणक्यात भाजलेलं कळत नाही. ठणका उतरला तरी डॉक्टरांना दाखवायचं. काट्याचा तुकडा आत राहतो, जखम चिघळते, धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. पाकटाचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर तो उपटायचा नाही, तसाच दवाखान्यात न्यायचं. हळद आपल्या सांगलीची, मला तिचा अभिमान आहे, पण ती या कामाची नाही. बर्फही नाही. ग्रुपवर सल्ले सगळेच देतात, म्हणून मी विचारतो, 'हे तुम्हाला स्वतःला झालंय का, आणि डॉक्टर काय म्हणाले?' ज्याला झालेलं असतं तो दोन ओळीत सांगतो.

शेंगाळा धरताना पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंचे दोन, असे तीन काटे लक्षात ठेवा. आम्ही आता त्याला हात लावतच नाही, पक्कडनं गळ धरून सोडवतो. आणि गाडीत दोन थर्मास असतात, एक चहाचा आणि एक नुसत्या गरम पाण्याचा.