रंग गेला, पण औषध गेले का?

प्रश्न : मी लातूरला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षात रसायनशास्त्र शिकते. टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर प्रकाश-उत्प्रेरक (प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) म्हणून वापरून उन्हात मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग घालवण्याचा प्रकल्प मी केला. पाण्यातील प्रतिजैविके अशाच प्रकारे नष्ट करण्यावर संशोधन करावे असे वाटते. मात्र यात नोकरी मिळेल का, अशी वडिलांना काळजी आहे.

उत्तर : तुम्ही निवडलेला प्रश्न खरा आणि तातडीचा आहे. हैदराबादजवळच्या पटानचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी ज्या केंद्रात शुद्ध होत असे, तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते. अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू तगतात आणि वाढतात.

तुमच्या प्रकल्पाविषयी मात्र स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. रंग जाणे म्हणजे रेणू पूर्ण नष्ट होणे नव्हे. प्रतिजैविकाचा रेणू तुटल्यावर उरलेले तुकडेही कधी कधी जिवाणूंवर परिणाम करतात, म्हणून मूळ औषध किती घटले, कोणते तुकडे उरले आणि एकूण सेंद्रिय कार्बन (पाण्यातील सर्व सेंद्रिय पदार्थांमधला मिळून कार्बन) किती कमी झाला, हे तिन्ही मोजावे लागते. शिवाय टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरण लागतात आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. त्यामुळेच दृश्य प्रकाशात चालणाऱ्या कार्बन नायट्राइड, बिस्मथ व्हॅनाडेट यांसारख्या पदार्थांवर एवढे काम चालू आहे. नवा उत्प्रेरक तयार करणारे पुष्कळ आहेत; तो खऱ्या सांडपाण्यात टिकतो का, पाण्यातून परत गोळा करता येतो का, हे तपासणारे त्या मानाने थोडे, आणि माझ्या मते तुमची जागा तेथे आहे.

त्यासाठी ‘जॅम’ ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत, किंवा मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत एमएस्सी करावी. तेथे एलसी-एमएस हे मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखणारे आणि मोजणारे उपकरण स्वतःच्या हाताने चालवायला शिकावे. पुढे ‘नेट’ या पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था किंवा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथे पीएचडीचा विचार करता येईल. वडिलांना सांगा की केवळ प्रकाश-उत्प्रेरकांवरच्या नोकऱ्या आज थोड्या आहेत. परंतु औषधाचे सूक्ष्म अंश मोजता येणाऱ्या व्यक्तीला औषध कंपन्या, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि सांडपाणी प्रक्रिया उद्योग या तिन्ही ठिकाणी काम मिळू शकते.

शेवटचे सत्र संपण्यापूर्वी तोच प्रयोग बोअरच्या पाण्यात पुन्हा करा. त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट या क्षारामुळे वेग मंदावण्याची शक्यता आहे, आणि तो किती मंदावतो हे नोंदवा. पावडर घातलेले एक भांडे अंधारातही ठेवा, कारण रंग नुसता पावडरीला चिकटूनही कमी होतो. एमएस्सीच्या मुलाखतीत प्रकल्पाविषयी विचारले, तर हे आकडे समोर ठेवा.