पहिला सांधा हाताने जोडताना
मॉडेल रेल्वेचा सांधा (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारी रुळांची जोडणी) स्वतः बनवताना पहिल्याच प्रयत्नात वक्र किंवा दुहेरी सांधा हाती न घेता 16.5 मिमी गेजचा (म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा) साधा उजवा सांधा निवडावा, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. पूर्ण मापाचा आराखडा फळीवर चिकटवून त्यावर तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीच्या) पट्ट्या स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार) म्हणून मांडा आणि दोन रुळांच्या मधोमध तो थर कानशीने छेदून घ्या; एका पट्टीवरचा छेद जरी राहून गेला, तरी दोन्ही रुळांमधली वीज एकमेकांत मिसळून शॉर्टसर्किट होते. खरा कस फ्रॉगमध्ये (दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकदार भागात) लागतो. तिथले टोक घाई न करता घासा, त्याचा कोन आराखड्याशी पुन्हा पुन्हा ताडून पाहा आणि रूळ पट्ट्यांना डाग देऊन (सोल्डर करून) जोडल्यावर मोकळा डबा बोटाने हळूच ढकलून चाक नेमके कुठे अडखळते ते जाणून घ्या, कारण चेक रेलची (फ्रॉगसमोरच्या रुळालगत बसवलेल्या, चाकाला योग्य वाटेवर ठेवणाऱ्या जादा रुळाची) फट प्रमाणाबाहेर रुंद झाली, तर चाक फ्रॉगच्या टोकावर आदळते किंवा भलत्याच मार्गाला लागते. आपल्या रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी रूळ लवकर गंजतात, म्हणून निकेल सिल्व्हरचेच रूळ घ्यावेत (नावात चांदी असली, तरी ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे). फ्लक्स (डाग नीट बसावा म्हणून लावलेले रसायन) न धुतल्यामुळे माझा एक सांधा पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडला होता. तुम्ही सांधा त्याच दिवशी कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन पूर्ण कोरडा करा.