दाढीवालं गिधाड कुठे राहतं, काय खातं? ते शेळ्या-मेंढ्यांची पिल्लं उचलून नेतं हे खरं आहे का?

नाही, नेत नाही.

एवढ्यावरच थांबलो असतो, पण हिमाचलातल्या स्पितीत किब्बर गावाच्या वरच्या धारेवर आमच्यातल्या एका सर्वज्ञाने हाच प्रश्न उत्तरासकट मांडला होता. वर तांबूस छातीचा, पाचरीसारख्या शेपटीचा पक्षी तरंगत होता. हे म्हणाले, "गरुड. पायात कोकरू बघ." दुर्बीण माझ्याकडे होती. पायात होतं वाळलेलं लांब हाड, टोकाला खूर लोंबणारं. पक्ष्याने ते खालच्या खडकांवर सोडलं. फुटलं नाही. खाली येऊन उचललं, पुन्हा वर गेला, पुन्हा सोडलं. असं कितीतरी वेळा, न कंटाळता. शेवटी फुटलं तेव्हा उतरून तुकडे सबंध गिळले. साहेब तेव्हा बुटाची नाडी बांधत होते! तरी संध्याकाळी चहावर गोष्ट रंगली ती गरुडाने टाकलेल्या कोकराचीच, आणि आमच्या ग्रुपवर अजून तीच फिरते.

या पक्ष्याचं मुख्य अन्नच हाडं. बाकीची गिधाडं मांस संपवून गेली की याची पाळी. वीतभर हाड सबंध गिळतं, पोटातलं जहाल आम्ल ते विरघळवतं. छातीचा तांबूस रंगही जन्मजात नाही, लोहयुक्त चिखलात लोळून येतो. डोकं टकलं नसतं, म्हणून न बघता बोलणारे त्याला गरुड म्हणतात.

कोकराची थाप निरुपद्रवी वाटते ना? आल्प्समध्ये याच समजापायी लोकांनी गोळ्या घालून, विष घालून हा पक्षी संपवला. शेवटचा १९१३ च्या सुमारास मारला गेला. १९८६ मध्ये ऑस्ट्रियात पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडायला सुरुवात झाली, आणि रानात पहिलं पिल्लू वाढलं ते १९९७ मध्ये, फ्रान्समध्ये. इतका वेळ लागतो, कारण अंडी एक-दोन, जगतं बहुधा एकच पिल्लू, आणि वयात यायला पाच-सात वर्षं.

राहण्याचं म्हणाल तर उंच डोंगर आणि उभे कडे, कपारीत घरटं. हिमालय, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा पिरेनीज, इथिओपिया.

हं, जिथे कासवं असतात तिथे ती मात्र जिवंत उचलून खडकावर आपटतं. तेवढ्यावरून कोणी कोकरापर्यंत पोचत असेल, तर त्याला आधी पक्ष्याचं वजन विचारा. पाच ते सात किलो.