वाचकांचे प्रश्न: खरखर गेली, तंबोराही गेला?

प्रश्न: पं. द. वि. पलुसकरांच्या गाण्याची 'रीमास्टर' केलेली सीडी घेतली. खरखर अजिबात नाही, पण गाणं निर्जीव वाटतं. मित्राकडची जुनी कॅसेट खरखरते, तरी तीच ऐकावीशी वाटते. हा नुसता सवयीचा परिणाम का?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर: सवयीचा नाही, तुमचे कान बरोबर सांगताहेत. पलुसकर १९२१ साली नाशकातच जन्मले आणि १९५५ साली गेले. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत खरखर मुळातच असते. ती काढणारं सॉफ्टवेअर सतत, एकसारखा चालणारा आवाज हेरून वजा करतं. पण तंबोराही सतत आणि एकसारखाच वाजतो! त्याच्या जवारीतले (तारेच्या झणकारातले) वरचे बारीक नाद खरखरीइतकेच क्षीण असतात. सफाई जरा जास्त झाली की तेही जातात आणि उरतो तो नुसता घुमारा.

परीक्षा हेडफोनवर करा. गवई श्वास घेतो ती जागा दोन-तीनदा ऐका. तार छेडल्यावर तंबोऱ्याचा नाद उमलत गेला पाहिजे. तिथे कापूस कोंबल्यासारखी शांतता असेल आणि गळा लागला की मागे खरखर परत येत असेल, तर सफाई आवाजाबरोबर उघडझाप करतेय. मग तबला ऐका. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर वाजणाऱ्या 'ना' या बोलाची टोकदार सुरुवात बोथट झालीय का? 'स', 'श' दबलेत का? लांबवलेल्या स्वराच्या शेवटी बारीक किणकिण येते का? या सगळ्या अतिसफाईच्या खुणा.

दोन प्रतींची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी हवी. एवढं एक पथ्य पाळाच. किंचित मोठा आवाज कोणालाही सरस वाटतो आणि नव्या प्रती बहुधा मोठ्या आवाजातच काढतात. फोनमधल्या आवाज मोजणाऱ्या ॲपने, फोन एकाच जागी ठेवून, १ डेसिबलच्या आत जुळवा. बंदिशीची तीच ओळ आलटून पालटून लावा. थोडी खरखर राहिली तरी चालेल, जवारी राहिलीच पाहिजे.

प्रश्न: गंगापूर रोडवरच्या नव्या फ्लॅटमध्ये द्रुत तानेतले स्वर एकमेकांत मिसळतात. स्पीकर बदलावेत का?

उत्तर: आधी खोलीत एक टाळी वाजवा. मागे झणझण उठली तर दोष टाइल्स आणि मोकळ्या भिंतींचा. स्पीकर आणि तुमच्यामध्ये जाड सतरंजी घाला, समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर जाड पडदा लावा. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे, कानाच्या उंचीवर. दोघांत जेवढं अंतर, तेवढंच तुमचं प्रत्येकापासून.

प्रश्न: आजोबांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवर पावसाळ्यात बुरशी आली. स्पिरिटने पुसू का?

उत्तर: मुळीच नको! या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विड साबणाचे एक-दोन थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून, सावलीत उभ्या वाळवा.

सुईही वेगळी लागते. एलपीच्या (नंतरच्या लाँग-प्ले तबकडीच्या) सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ च्या तबकडीला ७५ च्या आसपासचं हवं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, धुळीत घासत जाते आणि खरखर वाढते. वेगही तपासा: ८० आरपीएमला मुद्रित केलेली तबकडी ७८ वर लावली, तर सूर जवळजवळ पाव स्वराने उतरतो.