नागपूरच्या उन्हाळ्यात मधमाश्या-फुलपाखरांसाठी गच्चीवर कोणती फुलझाडं लावावीत?

तुमचा प्रश्न असा: मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची गच्ची, झेंडू-शेवंती एप्रिल लागताच जळतात, मे महिन्यातही फुलं आणि मधमाश्या हव्यात, आणि मार्च नुकताच लागलाय.

तर आधी झेंडू-शेवंती विसरा. गच्चीवरच्या ४५ अंशांत झेंडू तगला तरी त्याला लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) लागतो. भर उन्हात फुलणारं पहिलं झाड म्हणजे ऑफिस टाइम, म्हणजेच चिनी गुलाब. उन्हाळ्यात आपण जी चिवळीची भाजी खातो, तिच्याच गोतातलं. पानांत पाणी साठवतं, म्हणून तगतं. चार बोटं लांबीच्या काड्या अर्धी वाळू, अर्धी माती अशा मिश्रणात खोचा, आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. घेताना एकेरी पाकळ्यांचाच घ्या. गच्च पाकळ्यांच्या दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, परागकण जवळजवळ नसतात. माशी येते आणि रिकामी जाते. नर्सरीत मात्र दुहेरीच पुढे मांडलेली असतात.

बियांपासून नारिंगी कॉसमॉस (गुलाबी नको, तो थंडीतला), एकेरी झिनिया आणि सूर्यफूल १५ मार्चच्या आत पेरा. यांना फुलायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे मेच्या मध्यावर फुलं. एप्रिलमध्ये पेरलंत तर कोवळी रोपं नेमकी झळांत सापडतील. गलांडा बियांपासून आता उशिराचा, त्याची तयार रोपं आणा. सब्जाही पेरा, त्याच्या तुऱ्यांवर फुलोरी माश्या (लहान जातीच्या मधमाश्या) अक्षरशः लोंबतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची आपल्याला सवय असते, पण दोन-चार फांद्यांवरच्या राहू द्या. घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, तरी मी ती सुचवणार नाही: फळं पक्षी खातात आणि ती रानभर पसरते.

माती नुसती काळी भरू नका. ती वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी फटीतून थेट खाली जातं. वरून ओलं दिसतं, मुळं कोरडी. दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग वाळू, आणि वर दोन इंच सुका पालापाचोळा. एखादी मोठी कुंडी मात्र उघडीच ठेवा, कारण पोळं न करता एकट्या राहणाऱ्या काही मधमाश्या मातीतच बीळ करतात. कुंड्या थेट स्लॅबवर नकोत, विटांवर ठेवा.

पाणी सकाळी सातच्या आत द्या. बारा इंची कुंडीला मेमध्ये दीड ते दोन लिटर, आणि नवतपात (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) संध्याकाळी पुन्हा थोडं. यात दोन चुका हमखास होतात. एक, गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळीही कढत असतं, ते तसंच ओतलं तर मुळं भाजतात. सकाळीच बादल्या भरून सावलीत ठेवा. दुसरी, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंड्यांत रिकामं करणं. दिवसभर बाष्पीभवन होऊन त्यात क्षार साठतात. कुंडीवर पांढरा थर, पानांच्या कडा जळलेल्या, असं दिसलं तर कारण बहुधा हेच.

हिरवी जाळी चारी बाजूंनी बंद केलीत तर रोपं वाचतील, पण माश्या आत यायच्या नाहीत आणि ऑफिस टाइम फुलणार नाही. जाळी फक्त पश्चिमेला पडद्यासारखी बांधा. बहुतेक वर्दळ सकाळीच असते. दुपारी फुलातला रस आटून घट्ट होतो, फुलपाखराच्या बारीक सोंडेला तो ओढवत नाही. म्हणून मातीचं पसरट परळ सावलीत ठेवा, त्यात पाण्याबाहेर डोकावतील असे खडे घाला, नाहीतर माश्या बुडतात. पाणी रोज बदला, म्हणजे डास होणार नाहीत.

कोळी आणि मिलीबगवर सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. नाहीच आटोक्यात आलं तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, चार थेंब साबण, सूर्य मावळल्यावर, उमललेली फुलं टाळून. उन्हात मारलं तर पानं करपतात. विकत आणलेल्या रोपांना आधी अंतरप्रवाही (झाडात आत भिनणारं) कीटकनाशक दिलेलं असू शकतं, ते फुलातल्या रसातही उतरतं. पहिला बहर खुडून टाका.

मेमध्ये फुलपाखरांची फार अपेक्षा ठेवू नका, ती पावसानंतर वाढतात. त्यांच्यासाठी आताच एक कढीपत्ता आणि एक लिंबू लावा. पुढे पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काळं-पांढरं काही दिसलं, तर पुसायच्या आधी नीट बघा: ती फुलपाखराची अळी असेल.