माणसं चांगली आहेत, म्हणूनच करार कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. गाव आवडलं, माणसं त्याहून आवडली, आणि घर बघायला गेलास तर मालकांनी ‘कागदपत्रांचं काय एवढं, बघू सावकाश, तुम्ही आता घरचेच’ म्हणत किल्ली पुढे केली. तू भारावून गेलास हे ओळीओळीतून कळतंय. त्यांच्या हेतूबद्दल मला जराही शंका नाही. तरीही किल्ली हातात घेण्याआधी भाडेकरार कर. माणसं चांगली आहेत म्हणूनच कर.

मोठ्या शहरात घरमालकाशी बिनसलं तर बिनसलं. अनामतीवरून वाजतं, एखादा कडवट ईमेल जातो, आणि पुढे आयुष्यात त्या माणसाचं तोंड बघावं लागत नाही. छोट्या गावात मालक नुसता मालक कधीच नसतो. त्यांची सून तुझ्या ऑफिसात हिशेब बघते, भाऊ औषधांच्या दुकानात बसतो, वाचनालयाच्या समितीवर ते स्वतः असतात. गळक्या छतावरून ज्यांच्याशी वाद घालायचा, त्यांच्याच भावाकडून परवा तापाची गोळी घ्यायची असते. मग माणूस गप्प बसतो. गप्प बसता बसता आतल्या आत कुढायला लागतो, आणि वर्ष संपताना दोन्ही बाजूंना वाटतं की समोरच्यानं आपल्या भलेपणाचा फायदा घेतला. बहुतेक वेळा फायदा कुणीच घेतलेला नसतो. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात.

हे मालकांना सांगायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न आहे, कळतंय मला. सरळ सांग की लिहून ठेवलं की माझ्या डोक्याला शांतता असते. बँकेला, ऑफिसला पत्त्याचा पुरावा लागतोच, तेही सांग. ओशाळून सांगू नकोस आणि वकिली थाटातही नको. तोंडी ठरलेलं भाडं बऱ्याच ठिकाणी कायद्याला चालतं, पण ते सिद्ध करायची वेळ आली की तुझा शब्द आणि त्यांचा शब्द एवढंच हातात उरतं, आणि गावात त्यांचा शब्द तीन पिढ्यांचा असतो. करार नोंदवावा लागतो का, अनामतीला काही मर्यादा आहे का, या गोष्टी जागोजागी वेगळ्या असतात. तिथला नियम तिथल्याच एखाद्या जाणकाराला विचार. शक्यतो तो जाणकार मालकांच्या नात्यातला नसावा!

भाडं, तारीख, मुदत हे कुणीही लिहितं. मला काळजी आहे ती न लिहिल्या जाणाऱ्या गोष्टींची. दुरुस्ती कुणी करायची हे आधी ठरव. भिंतीतले नळ, वायरिंग, छत, सांडपाण्याची नळी मालकांकडे; दिवे, नळाचे वॉशर, तुझ्या हातून मोडलेलं ते तुझ्याकडे, अशी साधारण वाटणी रास्त असते. पण छोट्या गावात खरी अडचण पैशाची नसते, ‘आमचा भाचा बघून जाईल’ ही असते. भाचा गुणी असतो, फुकट येतो, आणि येतो ते त्याला सवड झाली की. त्याच्याबद्दल तक्रार करायचीही सोय नाही. म्हणून करारात एक ओळ घाल: अमुक दिवसांत काम झालं नाही तर भाडेकरू बाहेरचा माणूस लावेल आणि बिल भाड्यातून वळतं होईल. सही करताना मालकही हसून मान डोलावतात, कारण भाचा त्यांनाही ठाऊक असतो.

दुसरी ओळ दारावरच्या टकटकीची. मालक वरच्या मजल्यावर राहतात असं तू लिहिलंयस. मायेनंच येतील ते, पाणी आलं का बघायला, खिडकी उघडी राहिली म्हणून सांगायला, आणि एखाद्या दिवशी तू नसताना स्वतःच्या किल्लीनं दार उघडून. घरात यायचं असेल तर एक दिवस आधी कळवावं, आग किंवा पाण्याची गळती सोडून, एवढं लिहून घे. पाहुणे रात्री राहिले तर चालतील का, भिंतीला खिळे ठोकायचे का, उद्या कुत्रं पाळावंसं वाटलं तर काय, हेही आत्ताच विचार. नंतर विचारलं की परवानगी मागितल्यासारखं होतं. आणि भाडं मालक खालीवर राहत असले तरी बँकेतूनच दे. रोखच हवं म्हणाले तर दर वेळी पावती घे.

आता घराकडे वळते. माणसांवर जीव जडला की घर नीट बघितलं जात नाही. नवा रंग दिसला की आधी हुंग. सगळ्या घराला जुना रंग आणि एकाच भिंतीला नवा असेल तर त्या भिंतीपाशी थांब. ओल तीन तऱ्हांची असते आणि तिन्हींचा बंदोबस्त वेगळा असतो. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभर उंचीच्या वर जात नाही. खालच्या पट्ट्यात रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा धरतो, आणि वरच्या कडेला भरतीच्या रेषेसारखा डाग राहतो. छतातून किंवा नळातून झिरपणारं पाणी तपकिरी कडेचा गोल डाग सोडतं, आणि पाऊस पडला किंवा वरच्या न्हाणीघरात पाणी वापरलं की तो गडद होतो. तिसरी ओल घरातल्याच वाफेची. ती थंड कोपऱ्यात, कपाटाच्या मागे काळ्या बुरशीच्या ठिपक्यांनी दिसते. ही तिसरी खिडक्या उघडून, हवा खेळती ठेवून बरीचशी आटोक्यात येते. पहिल्या दोन्ही तुझ्या आवाक्यातल्या नाहीत; त्या दुरुस्त करून देतो असं मालक लेखी देणार असतील तरच पुढे जा. कपाट हलवून मागे हात फिरवायला संकोच वाटेल. वाटू दे.

स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला नळ एकदम सोडून बघ, धार किती बारीक होते ते कळेल. गॅसचा गीझर न्हाणीघरात बंदिस्त बसवलेला असेल तर तो बाहेर घ्यायला सांग, यात तडजोड नको. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आतल्या खोलीत दार लावून, रात्री आठ-नऊच्या सुमारास एक व्हिडिओ कॉल कर, कारण इंटरनेटची खरी परीक्षा सगळे घरी आल्यावरच होते. राहायला जाशील त्या दिवशी मीटरचं रीडिंग, प्रत्येक भिंत, फरशीवरचा प्रत्येक तडा यांचे फोटो काढ आणि त्याच दिवशी मालकांना पाठव. हे फोटो त्यांच्याही उपयोगाचे आहेत, तसं म्हणही.

घर याहून चांगलं मिळेल का, असंही तू विचारलंयस. मिळू शकतं, पण जाहिरातीत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बऱ्याच जणांना ती जवळच्या मित्रांकडून मिळालेली नव्हती, अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून कळलेली होती. जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. छोट्या गावातल्या घरांचंही मी असंच बघत आले आहे. रिकामं होणारं घर आधी टपालवाल्याला कळतं, शाळेतल्या शिपायाला कळतं. म्हणून पहिला करार लांब मुदतीचा करू नकोस. सहा महिने, फार तर अकरा, आणि सोडायची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी. तेवढ्यात एक तरी वाईट ऋतू त्या घरात काढून होतो. घर विकत घ्यायचा विचार तर इतक्यात मनात आणूच नकोस, भाव कितीही कमी वाटले तरी. घेताना स्वस्त पडलेलं घर छोट्या गावात विकायला वर्षं लागू शकतात.

घर कुठल्या बाजूला घ्यावं याबद्दल माझं एक ठाम मत आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास करून १९५० साली तो छापला. कुणाची कुणाशी मैत्री झाली हे बघितलं तर स्वभावापेक्षा दारं किती जवळ आहेत यावर ते जास्त ठरत होतं. तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख झालेली होती. त्यामुळे पत्रात लिहिलेला गावाबाहेरचा तो दुसरा निवांत बंगला सोड. कितीही मोकळी हवा असली तरी तिथून तू रोज गाडीनं येशील आणि गाडीनं जाशील, आणि वर्षभरानं म्हणशील की लोक तेवढे मोकळे नाहीत. पायी जाता-येता चार दारं लागतील असं घर घे.

त्यातही पहिल्या आठवड्यातलं हसणं-बोलणं म्हणजे मैत्री असं समजू नकोस, आणि दुसऱ्या महिन्यात एकटं वाटलं तर घाबरूही नकोस. नव्यानं आलेल्या माणसाशी लोक आपुलकीनं बोलतात ती त्यांची रीत असते. त्यांचे शनिवार-रविवार मात्र वीस वर्षांपासून भरलेले असतात. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली अंदाज मांडला की नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, आणि जिवलग व्हायला दोनशेच्या वर. मैत्रीचे तास मोजायचे म्हणजे गंमतच आहे, पण आकडा धीर देणारा आहे. आठवड्याला दोन तास म्हटले तरी पहिले सहा महिने त्यातच जातात. तेव्हा दर आठवड्याला त्याच माणसांबरोबर काहीतरी धर: बॅडमिंटन, भजन, नाटकाच्या तालमी, काहीही. एकेका घरी एकेकदा जाऊन येण्यानं तास साचत नाहीत.

घरमालकांबद्दल कुणाकडेही बोलू नकोस, चांगलंसुद्धा जपून. कोण कुणाचा मेहुणा हे कळायला तुला दोन वर्षं लागतील. आणि ‘आमच्याकडे शहरात असं नसतं’ हे वाक्य गाडीतून उतरायच्या आधीच टाकून दे.

गावात रात्री दवाखाना कुठला उघडा असतो आणि मोठ्या इस्पितळाला किती वेळ लागतो, याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. उद्या जाशील तेव्हा ते आधी विचार. शेवटची बस किती वाजता सुटते तेही. कराराचा मसुदा हातात आला की सहीच्या आधी मला पाठव. मालकांना चार दिवस थांबायला सांग, ते थांबतील. दुरुस्तीचं आणि नोटिशीचं कलम मी आधी वाचेन, बाकीचं तू वाच.

तुझी,
मावशी