वाचकांचे प्रश्न : कोळंबी, कासव आणि अमेरिकेची अट

प्रश्न : समुद्रातली कोळंबी अमेरिकेला चालत नाही, तळ्यातली चालते, असे माल घेणारे सांगतात. कासवांच्या या अटीविरुद्ध भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला होता आणि 1998 मध्ये जिंकलाही होता. मग अट अजून कशी?
– एक ट्रॉलरमालक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : जिंकला, पण अर्धाच. अमेरिकेने 1989 मध्ये कलम 609 आणले. कोळंबी पकडताना समुद्री कासवे मरत असतील आणि ती वाचवण्याची व्यवस्था, म्हणजे मुख्यतः जाळ्यात कासवाला बाहेर सोडणारी ‘टेड’ नावाची चौकट, अमेरिकेच्या तोडीची नसेल, तर त्या देशाची कोळंबी घ्यायची नाही, असा त्याचा आशय. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी तक्रार केली. 12 ऑक्टोबर 1998 च्या निकालात अपील मंडळाने म्हटले की कासव ही संपू शकणारी नैसर्गिक संपत्ती आहे आणि तिच्यासाठी आयातीवर बंधन घालणे व्यापार करारात बसते. अमेरिका हरली ती भेदभावामुळे. कॅरिबियन पट्ट्यातल्या देशांना तयारीसाठी तीन वर्षे दिली होती, आशियातल्या देशांना जेमतेम चार महिने. शिवाय एखाद्या बोटीने सगळे नियम पाळून पकडलेली कोळंबीही तिच्या देशाला प्रमाणपत्र नाही म्हणून परत पाठवली जात होती.

अमेरिकेने 1999 मध्ये नियमावली सुधारली. मलेशिया पुन्हा भांडायला गेला आणि 2001 मध्ये हरला. तेव्हापासून अट कायदेशीरदृष्ट्या भक्कम आहे. ‘आपण केस जिंकलो’ या समाधानात आपल्याकडे बरीच वर्षे वाया गेली, असे आमचे स्पष्ट मत आहे. 2019 पासून भारताची समुद्रातली कोळंबी अमेरिकेला बंद झाली. तळ्यातल्या कोळंबीला कलमातच सूट आहे, कारण तिथे कासव अडकत नाही. म्हणून आंध्रातल्या तळ्यांतली व्हॅनामी जातीची कोळंबी या अटीत अडकत नाही.

आपल्या 200 सागरी मैलांत हुकूम चालतो तो भारताचाच. अमेरिका तुमच्या बोटीला दंड करू शकत नाही, फक्त स्वतःचे दार बंद ठेवू शकते. मात्र भारताने 1995 मध्ये मान्य केलेल्या सागरी कायदा कराराचे कलम 61 ही जबाबदारी आपल्यावरही टाकते. पकडायच्या मासळीबरोबर तिच्यासोबत सापडणाऱ्या इतर जिवांचाही विचार करावा, असे ते सांगते.

प्रश्न : टेड बसवली की कोळंबीही निसटते, अशी खलाशांची तक्रार असते. ती खरी आहे का? बसवताना काय सांभाळावे?
– मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : चुकीची बसवली तर तक्रार अगदी खरी आहे. टेड म्हणजे ट्रॉल जाळ्याचे पोट आणि शेवटची पिशवी यांच्या मधल्या नळीत तिरपी बसवलेली गजांची चौकट. कोळंबी गजांमधून मागे जाते. कासव गजांवर आपटून घसरत वर किंवा खाली ठेवलेल्या तोंडातून बाहेर पडते. त्या तोंडावर जाळीची झडप असते.

सगळ्यात महत्त्वाचा कोन. पाण्याच्या प्रवाहाशी तो 30 ते 55 अंशांत हवा. 55 च्या वर गेला की चौकट जवळजवळ उभी राहते, कासव गजांना चिकटून बसते आणि कचराही तिथेच अडकतो. 30 च्या खाली आला की झडप नीट बसत नाही आणि माल सांडतो. शिवताना बरोबर असलेला कोनही काही फेऱ्यांत बदलतो, कारण सूत ताणते. म्हणून पिशवीच्या टोकाने जाळे उंच टांगून कोन पुन्हा मोजायचा. पट्टी आणि कोनमापक पुरतो.

दुसरे, गजांमधले अंतर. अमेरिकेचा नियम जास्तीत जास्त 4 इंचांचा, म्हणजे सुमारे 10 सेंमी. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आधी बनवलेली टेड 1000 बाय 800 मिमीची होती आणि तिच्या गजांत 142 मिमी अंतर होते. मोठी मासळीही मागे जावी, हा त्यामागचा विचार. आपल्या ट्रॉलरला कोळंबीबरोबरच्या मासळीवरही पोट भरायचे असते, त्यामुळे तो विचार चुकीचा म्हणवत नाही. पण 142 मिमी 4 इंचांत बसत नाही.

तिसरे, तोंड. खोल समुद्रातल्या टेडसाठी अमेरिकेच्या नियमात चौकट बाहेरून किमान 32 इंच उंच आणि तेवढीच रुंद लागते. एका झडपेच्या प्रकारात तोंड ताणल्यावर 71 इंच भरावे लागते. एवढे मोठे तोंड चामडी पाठीच्या कासवासाठी आहे. आपल्या वेळास-आंजर्ल्याला अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले त्या मानाने लहान, पण नियम मोठ्याला धरून केलेला आहे.

माल सांडण्याची नेहमीची कारणे : झडप फाटलेली किंवा आखूड, गजांत प्लॅस्टिक, शेवाळ, दोऱ्या अडकलेल्या, चौकट वाकलेली. तोंड खाली असेल तर तरंगे लागतातच, नाहीतर टेड तळाला घासते आणि झडपेच्या चिंध्या होतात. चौकटीच्या पुढे जाळीचे नरसाळे शिवले तर कोळंबी तोंडापासून लांब, थेट गजांकडे ढकलली जाते आणि तोटा बराच कमी होतो. प्रत्येक ओढीनंतर गज साफ करणे हे तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) खलाशाला नेमून दिलेले काम असावे. काही जण तोंड दोरीने शिवून टाकतात. तपासणीला येणाऱ्या पथकाची नजर आधी तिथेच जाते, आणि असे सापडले तर एका बोटीपुरते राहत नाही, कारण प्रमाणपत्र देशाला मिळते.

प्रश्न : जाळ्यात कासव निपचित सापडले तर मेले समजून टाकून द्यावे का?
– वाचक, हर्णै

उत्तर : नाही. बुडालेले कासव बरेचदा बेशुद्ध असते. त्याला पोटावर ठेवा, पाठीवर कधीच उलटे करू नका. मागचा भाग निदान 6 इंच उंच राहील असा टेकू द्या, म्हणजे फुप्फुसातले पाणी उतरते. अधूनमधून कवचाची एक कड 3 इंच उचलून हळूच खाली, मग दुसरी. सावलीत ठेवा आणि ओल्या फडक्याने झाका, पण पाण्याच्या टाकीत घालू नका, तिथे ते पुन्हा बुडते. शुद्धीवर यायला 4 ते 24 तास लागू शकतात. मधूनमधून डोळ्याजवळ किंवा शेपटीला हलका स्पर्श करून पाहावे. हालचाल दिसली की इंजिन न्यूट्रलला, जाळी बोटीवर, आणि कासव बोटीच्या मागच्या बाजूने अलगद पाण्यात. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून बंदरात आणण्याच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : ट्रॉल नाही, हाताने ओढायचे जाळे आहे. मग टेड लागते का? आणि युरोपला?
– वाचक, पालघर

उत्तर : विंच (जाळे ओढायचे यंत्र) न वापरता हाताने ओढलेल्या जाळ्यातल्या कोळंबीला कलम 609 मध्ये सूट आहे. पण मालाबरोबरच्या अमेरिकेच्या डीएस-2031 फॉर्मवर तसे लिहून सरकारी अधिकाऱ्याची सही घ्यावी लागते. बोटीवर विंच असून जाळे त्याच्यावर येत असेल, तर ही सूट विसरा. युरोपची ही अट नाही. तिथे 2010 पासून समुद्रातल्या मालाला पकड-प्रमाणपत्र लागते : बोट, मासेमारीचे क्षेत्र, जात, वजन. आपल्याकडे ते एमपेडा (सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण) देते. बोटीच्या नोंदीतले आकडे आणि विक्रीचे आकडे जुळत नसतील, तर प्रमाणपत्र तिथेच अडते.